मधाची बीअर आणि काकूंचें कपाट

आपल्या घरांतून मधाला जो मान आहे, तो दुसऱ्या पदार्थाला क्वचितच असेल. देवाच्या पंचामृतांत मध, मांडवांत आलेल्या वराला मधुपर्क, आणि खोकल्यानें बेजार झालेल्या मुलाला सुंठ-मधाचें चाटण! अशा या सात्त्विक पदार्थापासून मद्य होतें, आणि तें मद्य मनुष्यजातीच्या अत्यंत प्राचीन मद्यांपैकीं एक आहे, ही गोष्ट आपल्याला ठाऊक नसते असें नाहीं. परंतु आपण ती कधीं मनावर घेत नाहीं. गेल्या मार्गशीर्षांत संगमनेरास आमच्या धाकट्या काकूंच्या घरीं जो प्रसंग घडला, त्यानें ती मला मनावर घ्यावयास लाविली. तो प्रसंग व त्यावरून सुचलेला थोडा विचार वाचकांपुढें ठेवीत आहें.

माझा भाचा पुण्यास एका औषधांच्या कारखान्यांत रसायनज्ञ आहे. नोकरी सोडून मधाचें मद्य तयार करण्याचा उद्योग काढावा, असें त्याच्या मनानें घेतलें आहे. या मद्याला इंग्रजींत 'मीड' म्हणतात. संस्कृत 'मधु' आणि इंग्रजी 'मीड' हीं एकाच प्राचीन शब्दाचीं दोन रूपें आहेत, हें भाषाशास्त्राच्या अभ्यासकांस सांगावयास नको. संगमनेर हें पुणें-नाशिक रस्त्यावरचें गांव. या रस्त्याच्या एका टोकाला पुण्यास 'मूनशाईन' या नांवाची, आणि दुसऱ्या टोकाला नाशकास 'सेराना' या नांवाची, अशा मीड करणाऱ्या दोन संस्था अलीकडच्या वर्षांत निघाल्या आहेत. सेराना हें नांव तर आपल्या सातेरी मधमाशीच्या शास्त्रीय नांवावरूनच घेतलेलें आहे. "मामा, दोन्ही टोकांना उद्योग उभा राहिला, मग मधल्या आपल्या जिल्ह्यानेंच काय पाप केलें आहे?" असा भाच्याचा प्रश्न होता. जिल्ह्याचें नांव २०२४ सालापासून अहिल्यानगर झालें आहे. परंतु काकूंच्या तोंडीं अद्याप 'नगर'च आहे.

भाच्याची अडचण जागेची होती. अकोल्याच्या वाटेवर काकूंच्या नांवची अर्धा एकर पडीक जमीन आहे, ती त्याला हवी होती. काकू आज चौऱ्यायशी वर्षांच्या आहेत. त्यांच्यापुढें दारूच्या कारखान्याची गोष्ट एकट्यानें काढण्याचा धीर त्याला होईना, म्हणून त्यानें मला बरोबर घेतलें. शेजारचे वैद्यबुवाहि सहज म्हणून येऊन बसले. भाच्यानें येतांना एक बाटली आणली होती. ती इंग्लंडांतील एका लहानशा मद्यशाळेंतील मधाची व मसाल्याची बीअर होती. महाराष्ट्रांत मद्य प्राशन करावयाचें तर १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणें परवाना लागतो, हें पुष्कळांच्या गांवींहि नसतें. भाच्यानें स्वतःचा कायमचा परवाना काढलेला होता, आणि माझ्यासाठीं एका दिवसाचा आणला होता. साठाव्या वर्षीं असा परवाना हातांत पडल्यावर मला हंसूं आलें.

"आजी, तुम्हांला राग तर नाहीं ना येणार?" त्यानें विचारलें.

"तुम्ही काय करतां तें मी बसून पाहतें," काकू म्हणाल्या. "पाहिल्याशिवाय राग तरी कशावर करूं?"

या विशिष्ट बीअरला 'ब्रॅगट' असें नांव आहे. चौदाव्या शतकांतील इंग्रज कवि चॉसर याच्या 'कँटरबरी टेल्स'मध्यें तिचा उल्लेख येतो. म्हणजे हें पेय नवीन नाहीं, विस्मृतींतून पुन्हां वर आलेलें आहे. साधी बीअर जवापासून करतात. जव भिजवून त्यांना मोड आणावयाचे, ते वाळवून भरडावयाचे, आणि ऊन पाण्यांत ठेवावयाचे. म्हणजे मोड येतांना उत्पन्न झालेले पाचक द्रव्य धान्यांतील पिठाची साखर करतें. तें गोड पाणी हॉप नांवाच्या वेलीच्या कडवट फुलांबरोबर उकळून निववितात, आणि त्यांत किण्व, म्हणजे यीस्ट, घालतात. किण्व साखर खातें आणि तिचा मद्यार्क व कर्बवायु बनवितें. ब्रॅगटमध्यें या जवाच्या पाण्याच्या जोडीला मध घालतात, आणि दालचिनी, धने, सुंठ, संत्र्याची साल असे मसाले सोडतात. मधाचा सुवास उडून जाऊं नये म्हणून बहुधा तो उकळी संपल्यावर घालतात.

प्रथम काकूंनीं स्टीलचें फुलपात्र पुढें केलें. परंतु रंग दिसला पाहिजे म्हणून भाच्यानें कांचेचा पेला मागून घेतला. ही बीअर बर्फासारखी गार करून प्यावयाची नसते. तशी केली तर जिभेला कांहींच कळत नाहीं. काकवींत पाणी घातल्यावर यावा तसा तिचा तांबूस रंग होता, आणि वर पातळसा फेंस आला होता. पेला नाकाशीं नेतांच मी चकित झालों. तो वास थेट मोहोळाचा होता! लहानपणीं अकोल्याकडचे ठाकर लोक मडक्यांतून मध विकावयास आणीत; मडक्यावरचा कपडा सोडतांच जो मेणाचा व फुलांचा मिश्र गंध येई, तोच हा. त्याच्या मागून दालचिनी आणि धने आले, आणि अगदीं शेवटीं संत्र्याची साल.

मीं एक घोट घेतला. वासावरून जिभेनें गोडाची तयारी केली होती. पण गोडी फारशी नव्हतीच. चव कोरडी होती, किंचित् कडवट, किंचित् भाजलेल्या धान्याची. घोट उतरल्यावर घशापासून छातीपर्यंत सुंठीच्या काढ्याची असते तशी ऊब वाटली. परंतु सुंठीची ऊब तेथेंच राहते. ही ऊब पांच मिनिटांनीं माझ्या कानांच्या पाळ्यांपर्यंत येऊन पोंचली. चव वाईट होती असें मी म्हणणार नाहीं. उलट ती चांगली होती, आणि दुसरा घोट घ्यावासा वाटला. हें प्रांजलपणें सांगितलें पाहिजे. कारण पुढच्या विचाराचें मूळ त्यांतच आहे.

"किती तीव्र असेल, मामा?" भाच्यानें विचारलें.

"चार टक्के असेल फार तर," मी म्हणालों.

त्यानें बाटली फिरवून दाखविली. आंकडा होता साडेनऊ.

वैद्यबुवांनीं कागद-पेन्सिल मागितली. बाटली ३३० मिलिलिटरची. तिच्यांत साडेनऊ टक्क्यांप्रमाणें सुमारें ३१ मिलिलिटर निव्वळ मद्यार्क झाला. आपल्याकडे मिळणाऱ्या व्हिस्की-ब्रँडींत तो ४२.८ टक्के असतो; म्हणजे ३० मिलिलिटरच्या एका लहान पेगांत जवळजवळ १३ मिलिलिटर पडला. तेव्हां मोहोळाच्या वासाची ही एक छोटी बाटली म्हणजे सुमारें अडीच पेग ब्रँडी. ब्रँडीचे अडीच पेग कोणी मला पुढें केले असते, तर मी हात मागें घेतला असता. येथें मात्र मीं चार टक्क्यांची म्हणून दुसरा घोट घेतला होता.

"पण मधाची गोडी कोठें गेली?" काकूंनीं विचारलें. तें ऐकून भाचा खुलला. त्यानें सांगितलें तें असें. मधाचे साधारण चार पंचमांश म्हणजे साखर; आणि ती बहुतेक द्राक्षशर्करा व फलशर्करा या साध्या स्वरूपाची असते. मध घट्ट असतो तोंवर त्यांत किण्वाचें कांहीं चालत नाहीं, म्हणून तो वर्षानुवर्षें टिकतो. पाणी घालून पातळ केला कीं किण्व ती साखर जवळजवळ सारी खाऊन टाकतें. जवांतील साखरेचा कांहीं भाग त्याला पचत नाहीं, तो बीअरमध्यें शिल्लक राहून तिला अंग देतो; मधाचें तसें नाहीं. त्यामुळें लोक समजतात तशी मध घातल्यानें बीअर गोड होत नाहीं, तीव्र होते. गोडीचा मद्यार्क होतो, आणि मधाची खूण म्हणून मागें राहतो तो केवळ वास.

"म्हणजे नांव मधाचें, वास मधाचा, आणि वस्तु दुसरीच," काकू म्हणाल्या, आणि क्षणभर गप्प राहिल्या.

वैद्यबुवांना हा विषय परका नव्हता. त्यांनीं सांगितलें कीं, चरकसंहितेंत चौऱ्यायशी आसवांची गणना केलेली आहे. औषधी द्रव्यें काढा न करतां आंबविलीं तर तें आसव, आणि काढा करून आंबविला तर तें अरिष्ट. त्यांत गूळ किंवा मध घालतात, आणि धायटीचीं फुलें टाकतात. पुढें त्यांनीं दशमूलारिष्टाचें उदाहरण घेतलें. त्यांत दशमुळांच्या काढ्याखेरीज मनुका, गूळ आणि मध येतो. आणि लवंग, दालचिनी, वेलची, तमालपत्र, नागकेशर, पिंपळी, जायफळ हीं सुगंधी द्रव्यें येतात. "मध आणि मसाला घालून आंबविलेलें पेय पाहण्यासाठीं इंग्लंडाला जावयास नको," ते म्हणाले. "बाळंतिणीच्या उशाशीं तें आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे. अंतर इतकेंच कीं, तें औषध आहे, त्याची मात्रा ठरलेली आहे, आणि तें समभाग पाण्यांतून जेवणानंतर घ्यावयाचें आहे."

काकू उठल्या. भिंतींतलें कपाट उघडून त्यांनीं औषधाची एक तपकिरी बाटली आणली आणि भाच्यापुढें ठेविली. "हिच्यावर वाच काय लिहिलें आहे तें. माझ्या डोळ्यांना बारीक अक्षर दिसत नाहीं."

बाटलीच्या कडेला अगदीं बारीक टाइपांत मजकूर होता. आंबविण्याच्या क्रियेंत आपोआप उत्पन्न झालेल्या मद्यार्काचें प्रमाण त्यांत दिलेलें होतें. अशा औषधांत तें साधारणपणें ५ ते १२ टक्क्यांपर्यंत असतें. म्हणजे बीअरइतकें आणि कधीं कधीं तिच्याहून अधिक. दोन चमचे घेणाऱ्याला त्याचें कांहीं वाटावयाचें कारण नाहीं.

"आणि सबंध बाटली घेणाऱ्याला?" काकूंनीं विचारलें.

कोणी बोललें नाहीं. मग त्यांनीं जें सांगितलें, तें आमच्या घरांत पन्नास वर्षांत कोणीं उच्चारलें नव्हतें.

आमचे धाकटे काका शाळेंत संस्कृत शिकवीत. त्यांना 'पोटाचा विकार' होता, एवढेंच आम्हां मुलांना ठाऊक होतें. त्या विकारासाठीं वैद्यांनीं एकदां आसव दिलें, तें लागू पडलें, आणि पुढें तें कधीं सुटलेंच नाहीं. दोन चमच्यांची वाटी झाली, वाटीचा पेला झाला. ज्या माणसानें आयुष्यांत दारूच्या दुकानाची पायरी चढली नाहीं, आणि पिणाऱ्याच्या पंक्तीला जो बसला नाहीं, तो रोज रात्रीं एक बाटली संपवूं लागला. घरांत तिला कोणी दारू म्हणत नसे. स्वतः काका तर नाहींच. काकूंनीं एकदां विचारलें तेव्हां, "औषध आहे तें, त्याचा हिशेब बायकांनीं विचारूं नये," असें उत्तर मिळालें. शेवटीं जलोदर झाला. १९७९ सालीं ते गेले, आणि 'पोटाच्या विकारानें गेले' असेंच सर्वांना सांगण्यांत आलें.

"विकार नव्हता रे तो," काकू म्हणाल्या. "दारू होती. आज पहिल्यांदां बोलतें आहें. बाटलीवर नांव औषधाचें होतें, म्हणून मलाहि म्हणतां आलें नाहीं, आणि त्यांनाहि थांबतां आलें नाहीं."

येथें मला माझें एक सांगितलें पाहिजे. तें आसव औषधाच्या दुकानांतून आणावयास मीच जात असें. दहा-बारा वर्षांचा होतों. काका चार आणे जास्त देत, त्याचे मी पेपरमिंट घेई. दुकानदारानें कधीं विचारलें नाहीं, मलाहि कधीं शंका आली नाहीं. त्या दिवशीं संगमनेरास बसून वैद्यबुवांच्या कागदावर मीं मनाशीं हिशेब केला. ४५० मिलिलिटरची बाटली, दहा टक्के धरले तर ४५ मिलिलिटर मद्यार्क. म्हणजे साडेतीन पेग, रोज. माझ्या पुढ्यांतील पेला मीं बाजूला सरकविला. त्या पेल्याचा दोष नव्हता. पण पुढें पिववेना.

भाचा मुलगा समजूतदार आहे. तो लगेच वादाला पडला नाहीं. थोड्या वेळानें मात्र त्यानें आपली बाजू मांडली, आणि ती पोकळ नव्हती. अकोले तालुक्यांत हरिश्चंद्रगड, रतनगड, कळसूबाई या डोंगरांच्या कडेकपारींत आग्या माशीचीं मोहोळें असतात. कारवीला सात-आठ वर्षांनीं एकदां बहर येतो, त्या वर्षीं मधाची चवच पालटते. जीव धोक्यांत घालून मध काढणाऱ्या आदिवासीच्या हातांत त्याची योग्य किंमत पडत नाहीं. महाबळेश्वराजवळचें मांघर २०२२ सालीं देशांतील पहिलें 'मधाचें गांव' म्हणून जाहीर झालें. मधाला निश्चित गिऱ्हाईक असलें तर अकोल्याकडेहि तसें कांहीं घडूं शकेल. सबंध मोहोळ पिळून न काढतां मधाचा भाग तेवढा कापून घेण्याची रीत पडेल, माशीहि वांचेल. शिवाय, तो म्हणाला, आपला जिल्हा उसाचा. टिळकनगरचा कारखाना १९३३ सालीं निघाला. प्रवरेच्या कांठीं लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नानें सहकारी साखर कारखाना १९५० सालीं सुरू झाला. साखरेमागून मळी आली, मळीमागून मद्यार्क आला, आणि टिळकनगरची ब्रँडी तर देशभर जाते. "त्याला कोणी नांवें ठेवीत नाहीं. मग मधाच्या सौम्य मद्यालाच काय म्हणून?"

"नांवें ठेवीत नाहींत असें कसें म्हणतोस?" काकू म्हणाल्या. "याच जिल्ह्यांत राळेगणला अण्णा हजाऱ्यांनीं आधीं दारूच्या भट्ट्या बंद करविल्या, मग पाणी अडविलें. बायका मत देऊन गांवांतलें दुकान बंद पाडतात, ती आडवी बाटली काय उगीच?" आणि मग त्यांनीं पांगरमलची आठवण दिली. २०१७ च्या फेब्रुवारींत, निवडणुकीच्या धामधुमींत, नगर तालुक्यांतील त्या गांवीं फुकट वाटलेली दारू पिऊन अनेकांचे प्राण गेले. त्या लोकांच्या हातांत जें पडलें, त्यावर आंकडा तर राहोच, पण खरें नांवहि नव्हतें.

जागेचा निर्णय काकूंनीं त्याच बैठकींत दिला. "माझ्या हयातींत ती जमीन या कामाला मिळणार नाहीं. तूं उद्योग करूं नकोस असें मी म्हणत नाहीं. तुझें शिक्षण झालें आहे, तुला त्यांतलें कळतें. पण माझ्या मालकीच्या मातींतून ती बाटली निघालेली मला पाहवणार नाहीं. आणि दुसरीकडे काढलीस, तर एक कर. मधमाशीचें चित्र काढशील तें काढ, पण तो आंकडा नांवाएवढा मोठा लिही. मला चष्म्याशिवाय वाचतां आला पाहिजे."

भाच्यानें मान डोलाविली. तो खट्टू झाला, हें मीं पाहिलें. त्याला आतां दुसरी जागा शोधावी लागेल, आणि कदाचित् ती मिळेपर्यंत त्याचा उत्साह टिकणारहि नाहीं. या गोष्टींत सर्वांना सुख झालें, असें मला लिहितां येत नाहीं.

वाचकांपैकीं कोणी म्हणेल, सुशिक्षित घरांतील मासिकांत बीअरची चव कशाला? त्यांना माझें नम्र उत्तर असें कीं, आपल्या घरांत मद्य येत नाहीं, हा समजच आपल्याला फसवितो. तें कधीं औषधाच्या नांवानें येतें, कधीं पुण्या-मुंबईहून आलेल्या मुलाच्या पिशवींत मधाच्या सुवासानें येतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ च्या जानेवारींत स्पष्ट केलें कीं, आरोग्याला निर्धोक म्हणावें असें मद्याचें कोणतेंहि प्रमाण नाहीं. तें वाचूनहि जो प्रौढ मनुष्य आपल्या जबाबदारीवर आणि कायद्याच्या मर्यादेंत चव घेऊं इच्छितो, त्याच्याशीं भांडण्याचा माझा हेतु नाहीं. मीं स्वतः ती घेतली आहे. परंतु त्यानें चवीवरून तीव्रतेचा अंदाज बांधूं नये. बाटली किती मिलिलिटरची, टक्के किती, हे दोन आंकडे एकमेकांनीं गुणावे व शंभरानें भागावें. निव्वळ मद्यार्क किती तें निघतें. हें गणित चौथीच्या मुलालाहि येतें. आणि ज्या घरांत आसवें-अरिष्टें आहेत, त्या घरांत मात्रा मोजून द्यावी, बाटली किती दिवसांत संपली हें पाहावें, आणि ती आणावयास मुलाला पाठवूं नये.

संगमनेराहून परत आल्यावर मीं प्रथम आमच्या घरचें औषधांचें कपाट उघडलें. मागच्या ओळींत द्राक्षासवाची एक बाटली होती. ती केव्हां आणली, कोणासाठीं आणली, घरांत कोणालाच आठवेना. मीं चष्मा लावून तिच्यावरचा आंकडा वाचला, जाड पेनानें कागदाच्या पट्टीवर मोठा लिहिला, आणि तो बाटलीला चिकटवून ती पुढच्या ओळींत ठेविली.